नर्सिंगचा ग्रुप प्रोजेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी)

ग्रुप प्रोजेक्ट म्हटलं की साधारण तीन कामं डोळ्यांसमोर येतात: कम्युनिटी पोस्टिंगमधला गावाचा सर्व्हे, आरोग्य शिक्षणाचा कार्यक्रम आणि शेवटच्या टप्प्यातला रिसर्च प्रोजेक्ट. तिन्हींतली भांडणं वेगळी दिसतात, पण सुरुवात बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. कामाची वाटणी तोंडी झालेली असते, आणि ती असमान आहे हे सबमिशनच्या आठवड्यापर्यंत कुणी बोलत नाही. त्याचा सगळ्यांत मोठा फटका गोळा केलेल्या माहितीला बसतो. म्हणून खाली जास्त जागा त्यालाच दिली आहे.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, अभिमत विद्यापीठाचं कॉलेज आणि जीएनएमचं (नर्सिंग डिप्लोमाचं) स्कूल यांचे मार्कांचे नियम वेगवेगळे असतात. तेवढं आपल्या गाईडना (प्रोजेक्टवर देखरेख करणाऱ्या मॅडमना) विचारून घ्या. बाकीचं सगळीकडे लागू पडतं.

ग्रुप रोल नंबरप्रमाणेच का पाडतात? मैत्रिणींबरोबर बदलून मिळतो का?

वॉर्डचं रोटेशन रोल नंबरवर चालतं म्हणून. ग्रुप मनाप्रमाणे पाडले तर एकीची लेबर रूममध्ये नाईट, दुसरी सायकियाट्रीला, तिसरी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात), आणि एकत्र भेटणं महिनाभर जमत नाही. बदल हवाच असेल तर पहिल्या आठवड्यात, लेखी अर्जाने आणि खरं कारण देऊन मागा. टूल (माहिती गोळा करायची प्रश्नावली) तयार झाल्यावर बदल मागू नका. तेव्हा जाणारी आपलं अर्धं काम टाकून जाते आणि येणारीला काहीच माहीत नसतं.

पहिल्या बैठकीत नेमकं काय ठरवायचं?

सगळ्यांच्या महिन्याभराच्या ड्युट्या एका कागदावर उतरवा आणि मग त्याच्या शेजारी कामं लिहा. उलट क्रमाने केलं की नाईटवाल्या मुलीच्या वाट्याला सकाळी अकराची परवानगी आणायला जाणं येतं.

‘प्रस्तावना ती लिहील, संदर्भ साहित्य मी बघते’ अशी प्रकरणांची वाटणी टाळा. तशाने प्रत्येकीला फक्त आपली पानं माहीत असतात आणि मधले दुवे कुणाचेच नसतात. त्याऐवजी कामाच्या जबाबदाऱ्या वाटा: परवानगीची पत्रं, टूल आणि त्याचं व्हॅलिडेशन (तज्ज्ञांकडून तपासणी), फील्डचं वेळापत्रक, मास्टर शीट (सगळ्या फॉर्मचा एकत्र तक्ता), टायपिंग आणि फॉरमॅट, हिशेब. प्रत्येक जबाबदारीला एक मुख्य आणि एक पर्यायी नाव हवं, कारण कुणीतरी आजारी पडणार आणि कुणाच्या तरी घरी लग्न निघणार, हे धरूनच चालायचं. फील्डवर मात्र सगळ्यांनीच जायचं, त्यात सूट कुणालाच नाही.

कागदाखाली सगळ्यांच्या सह्या घ्या, तारीख घाला आणि एक झेरॉक्स गाईडना द्या. पुढे वाद झालाच तर हाच कागद कामाला येतो. व्हॉट्सॲपवरचा ‘ओके’ तेव्हा कुणी दाखवू शकत नाही.

दहाजणींचा ग्रुप आहे, काम चौघीच करतात. काय करायचं?

आधी कारण शोधा. आळस हे कारण असतंच, पण आपण समजतो त्यापेक्षा कमी वेळा. लॅपटॉप नसणं, इंग्रजी टायपिंग न जमणं, रोज खटाव किंवा आटपाडीकडून एसटीने ये-जा करावी लागणं, वर्गणीचे पैसे नसणं ही कारणं बहुतेक जणी सांगत नाहीत. त्या फक्त बैठकीला येईनाशा होतात. अशा मुलीला टायपिंगऐवजी घरभेटी, फॉर्मची तपासणी किंवा भाषांतर द्या. गावाकडची मुलगी घरभेटीत शहरातलीपेक्षा दुप्पट माहिती घेऊन येते, हे जरूर लक्षात ठेवा.

कारण नसताना टाळाटाळ चालली असेल तर क्रम असा ठेवा. प्रथम लीडरने एकटीला बाजूला घेऊन बोलायचं, सगळ्यांसमोर नाही. मग नवी तारीख लेखी द्यायची. तीही चुकली की त्याच आठवड्यात गाईड मॅडमना सांगायचं. चुगली वाटेल म्हणून थांबू नका. सबमिशनच्या आदल्या दिवशी केलेल्या तक्रारीवर मॅडमही काही करू शकत नाहीत, दीड महिना आधी सांगितलं तर करू शकतात. नाव वगळायचं की नाही हा निर्णय गाईडचा असतो. ग्रुपने परस्पर पहिल्या पानावरून नाव काढलं तर चूक तुमची ठरते.

ड्युट्या वेगळ्या असताना भेटायचं कधी?

सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ असं वेळापत्रक असेल, तर सगळ्यांची एकच मोकळी वेळ निघतच नाही. ती शोधत बसू नका. मॉर्निंग आणि नाईटवाल्यांनी दुपारी चारला, इव्हिनिंगवाल्यांनी सकाळी दहाला, अशा दोन बैठका घ्या. पहिल्या बैठकीची अर्ध्या पानाची नोंद दुसऱ्या बैठकीत वाचायची: काय झालं, काय अडलं, पुढचं कुणाकडे. नाईट संपवून आलेल्या मुलीला सकाळी नऊच्या बैठकीला बसवू नका. ती हो म्हणते आणि नंतर तिला काहीच आठवत नाही.

हॉस्टेलवर मोबाईलची वेळ ठरलेली असेल तर लायब्ररीत एक सामाईक वही ठेवा. त्यात जी ती आपल्या सोयीने लिहीत जाते.

सर्व्हेचे काही फॉर्म कमी पडले. उरलेले हॉस्टेलवर बसून भरले तर कुणाला कळतं?

कळतं. दोघीतिघी गावात गेल्या नाहीत, बाकीच्यांनी चिडून ‘आम्ही का त्यांचे करू’ म्हटलं आणि शेवटच्या रात्री तीस फॉर्म एका खोलीत भरले गेले, हा प्रकार अनुभवी गाईड पाच मिनिटांत ओळखतात. वयं सगळी ३०, ३५, ४०, ४५. बीपी ओळीने १२०/८०. एकाच पेनाची शाई, एकसारखं अक्षर, घडी न पडलेला कागद. घरातल्या माणसांची संख्या चार आणि रकान्यात नावं पाच. काट्याच्या (ॲनेरॉइड) मशीनवर बीपीची नोंद दोनच्या पटीत होते, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी कुठलाही येऊ शकतो. खऱ्या मोजणीत शून्यावर संपणारी रीडिंग साधारण पाचात एक असावीत. निम्म्याहून जास्त शून्यावर संपत असतील तर एक तर अंदाजे मोजलं आहे किंवा मोजलंच नाही.

न पकडलं जाण्याची शक्यता धरूनही हे करू नका. तुमच्या सर्व्हेवरून त्या उपकेंद्राच्या सिस्टर आणि आशाताई पुढची कामं ठरवू शकतात. ज्या बाईचं बीपी १७०/११० निघालं असतं तिच्या घरी कुणी गेलंच नाही आणि कागदावर ती ठणठणीत दिसते, तर नुकसान तिचं होतं. आणि नर्स म्हणून टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) चार्टवर न मोजलेलं तापमान लिहायची सवय अशाच फॉर्मवर लागते.

मग करायचं काय? जेवढे खरे फॉर्म आहेत तेवढेच ठेवा. १०० घरं ठरली होती आणि ८२ झाली, तर ८२ लिहा. उरलेल्या १८ चा हिशेब द्या: किती बंद होती, किती जणांनी नकार दिला, किती ठिकाणी आपण पोचलोच नाही. असा प्रोजेक्ट स्वीकारला जातो. रिसर्च प्रोजेक्ट असेल आणि सॅम्पल (अभ्यासात घेतलेली माणसं) कमी पडल्याने संख्याशास्त्राची टेस्ट बदलावी लागणार असेल, तर विश्लेषणाला बसण्याआधी गाईडना सांगा.

घरं बंदच सापडतात. सर्व्हे पुरा कसा करायचा?

गावाचं कॅलेंडर न बघता तारखा ठरवल्या की असं होतं. तासगाव, कवठेमहांकाळ भागात ऑक्टोबरच्या द्राक्ष छाटणीत आणि फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत दिवसा घरी फक्त म्हातारी माणसं असतात. सांगली परिसरात हळदीची काढणी आणि शिजवणी जानेवारीनंतर जोरात असते. कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून आलेल्या टोळ्या फडाजवळ पालं टाकून राहतात. ग्रामपंचायतीच्या घरांच्या यादीत त्या नसतात, आणि लसीकरण चुकलेली मुलं नेमकी तिथे सापडतात. त्यांना सर्व्हेत धरायचं की नाही हे आधीच ठरवा आणि अहवालात लिहा. माण भागातली मेंढपाळ कुटुंबं वर्षातले बरेच महिने बाहेर असतात. पाटण, जावळी, महाबळेश्वरचं काम पावसाळ्यात ठेवू नका. पौषात मांढरदेव आणि पालच्या यात्रा असतात. त्या दिवसांत आसपासच्या गावांत कुणाला प्रश्न विचारायला फुरसत नसते. आठवडी बाजाराचा दिवसही सोडा.

वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ किंवा संध्याकाळी पाचनंतरची चांगली. संध्याकाळची निवडली तर शेवटची एसटी किती वाजता आहे ते बघूनच, आणि जोडीनेच जा.

आता गणित. कुटुंबाचा पूर्ण फॉर्म, बीपी आणि वजनासह, ३० ते ४० मिनिटं घेतो. साडेसातला पोचून साडेनऊपर्यंत एक जोडी तीन घरं करते, संध्याकाळी आणखी दोन. पाच जोड्या दिवसाला २५ घरं, म्हणजे १०० घरांना चार दिवस. त्यात बंद घरांच्या फेरभेटीला दोन दिवस जास्त धरा. हे दोन दिवस न धरल्यामुळेच शेवटी फॉर्म ‘बसून’ भरायची वेळ येते.

प्रत्येकीचं बीपीचं रीडिंग वेगळं येतं. कुणाचं धरायचं?

फील्डवर जाण्याआधी अर्धा दिवस काढून सगळ्यांनी एकमेकींवर मोजून बघा. एकाच व्यक्तीचं बीपी दोघींनी पाठोपाठ मोजल्यावर वारंवार चारपेक्षा जास्त एमएमएचजीचा फरक येत असेल तर पद्धत तपासा. बहुतेक वेळा कारण यांपैकी एक असतं: माणूस नुकताच चालत आला आहे, हात हृदयाच्या पातळीला नाही, कफ लहान आहे, किंवा हवा फार भराभर सोडली आहे. मोजण्याआधी पाच मिनिटं बसवा. त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. कफच्या आतल्या पिशवीने दंडाच्या घेराचा ८० टक्के भाग वेढला पाहिजे. हवा सेकंदाला २ ते ३ एमएमएचजी या वेगाने सोडा, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि सरासरी लिहा.

एकीकडे ॲनेरॉइड आणि दुसरीकडे डिजिटल मशीन असेल तर फॉर्मवर मशीनचा नंबर टाका. वजनकाटा रोज सकाळी शून्यावर आणा. अंगणवाडीतला काटा आणि तुमचा काटा मिसळू नका. साहली पद्धतीने हिमोग्लोबिन करणार असाल तर रंग जुळवायचं काम सगळ्या नमुन्यांसाठी एकीनेच करावं, आणि आम्लात रक्त मिसळल्यावर १० मिनिटं पूर्ण थांबावं. घाईने वाचलं तर आकडा कमी येतो आणि अख्खं गाव ॲनिमिक ठरतं.

प्रश्न सगळ्या एकसारखे विचारत नाहीत, म्हणून उत्तरं जुळत नाहीत.

फॉर्म इंग्रजीत छापायचा आणि घरात उभ्या उभ्या मराठी करायचं, ही पद्धत बंद करा. प्रश्न मराठीतच छापा आणि शब्दशः वाचा. ‘तंबाखूचं सेवन करता का?’ विचारलं तर मिश्री लावणाऱ्या बायका सरळ ‘नाही’ म्हणतात, म्हणून मिश्रीचा प्रश्न वेगळा छापा. जत तालुक्यात पूर्वेकडच्या गावांत बऱ्याच घरांत कन्नड बोलली जाते. तिथे प्रत्येक जोडीत कन्नड येणारी एक तरी हवी, किंवा आशाताईंना वेळ मागून घ्या.

आर्थिक स्तरासाठी कुप्पुस्वामी स्केल शहरी भागाला, बी. जी. प्रसाद स्केल गावालाही चालतं. दोन्हींतल्या रकमा महागाई निर्देशांकाप्रमाणे बदलतात, म्हणून सीनियरच्या जुन्या प्रोजेक्टमधला तक्ता उचलू नका.

पंधराजणींनी भरलेले फॉर्म एकत्र केल्यावर गोंधळ होतो. का?

प्रत्येकीने आपला अनुक्रमांक १ पासून सुरू केलेला असतो. मग १ नंबरचे पंधरा फॉर्म होतात. प्री-टेस्ट आणि पोस्ट-टेस्ट (शिकवण्याआधीची आणि नंतरची चाचणी) असेल तर कुठली पोस्ट-टेस्ट कुणाची हे कळत नाही, आणि पेअर्ड टी-टेस्ट करताच येत नाही, कारण ती एकाच व्यक्तीच्या दोन मार्कांच्या फरकावर चालते. म्हणून फॉर्म वाटण्याआधीच नंबर छापा: जोडी अ ला १०१ ते १२०, जोडी ब ला २०१ ते २२०, असं.

मास्टर शीट एकीनेच भरायची, दुसरीने दर दहावा फॉर्म पडताळायचा. मोकळा रकाना म्हणजे शून्य नव्हे. उत्तर मिळालं नसेल तर ९९ सारखा ठरलेला कोड टाका आणि सरासरी काढण्याआधी तो वगळा. वयाच्या रकान्यात ९९ वापरू नका, गावात नव्व्याण्णव वर्षांच्या आजी असू शकतात.

परवानगीत महिना जातो. क्रम काय?

रिसर्च असेल तर एथिक्स कमिटी आधी, मग प्राचार्यांचं पत्र, मग तालुका आरोग्य अधिकारी किंवा पीएचसीचे वैद्यकीय अधिकारी, मग ग्रामपंचायत. शाळेत करणार असाल तर मुख्याध्यापकांचं वेगळं पत्र आणि पालकांची संमती लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयाच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलांचा लेखी होकारही घ्यायचा असतो. प्रत्येक पत्राच्या दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन परत आणा. ‘सरांना भेटून सांगितलंय’ हे पुढच्या टेबलावर चालत नाही.

बीएस्सीच्या सत्र पद्धतीत रिसर्चचा विषय सातव्या सत्रात येतो आणि आठवं सत्र इंटर्नशिपचं असतं. परवानगी रेंगाळली तर डेटा कलेक्शन इंटर्नशिपच्या ड्युट्यांत अडकतं. विषय पक्का झाला त्याच आठवड्यात कमिटीचा अर्ज लिहायला घ्या.

पायलट स्टडी (मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी) टाळली तर चालते का?

नाही. ठरलेल्या सॅम्पलच्या साधारण १० टक्के लोकांवर ती करतात, आणि ते लोक मुख्य अभ्यासात घेत नाहीत. टूल किती भरवशाचं आहे हे आकड्यात काढायला बरोबर-चूक स्वरूपाच्या ज्ञानाच्या प्रश्नांना केआर-२०, मतांच्या स्केलला क्रॉनबॅक अल्फा. ०.७ च्या वर आलं तर पुढे जा.

पीपीटी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठी अक्षरं विस्कटतात.

कुणीतरी कृतिदेव किंवा श्री-लिपीत टाईप केलेलं असतं आणि कुणी युनिकोडमध्ये. पहिल्याच दिवशी ठरवा: सगळं युनिकोडमध्ये. प्रेझेंटेशनची एक पीडीएफ प्रत पेन ड्राइव्हवर ठेवाच. फाईलच्या नावात तारीख आणि आद्याक्षर घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटचं’ अशा तीन फायलींतून जुनी छापली जाते आणि ते बायंडिंग झाल्यावर कळतं.

पैशांवरून भांडणं होतात.

सुरुवातीला अंदाज काढा: फॉर्मची झेरॉक्स, प्रवास, चार्ट, फ्लेक्स, छपाई, बायंडिंग. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो. ३ बाय २ चा सहा चौरस फूट, ६ बाय ४ चा थेट चोवीस. वीसपंचवीस बायकांसमोर पहिला पुरतो. वर्गणी दोन हप्त्यांत घ्या, पावत्या वहीत चिकटवा, आणि ज्या मुलीला देणं जड जातंय तिचं नाव ग्रुपवर टाकू नका. फील्डवरचे फॉर्म काळ्या-पांढऱ्यात, पाठपोट छापा. रंगीत छपाई फक्त आलेखांच्या पानांना.

आरोग्य शिक्षणाच्या कार्यक्रमात एकच मुलगी बोलते, बाकीच्या चार्ट धरून उभ्या.

गटाने केलेल्या लेसन प्लॅनमध्ये प्रत्येक मुद्द्यासमोर बोलणारीचं नाव लिहा. वीस मिनिटांच्या वर जाऊ नका, त्यानंतर बायका उठायला लागतात. स्टेजची भीती असणारीला प्रात्यक्षिक द्या: ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून दाखवणं किंवा हात धुण्याच्या पायऱ्या. हातात काम असलं की बोलणं आपोआप येतं.

पेशंटचे फोटो, केस पेपरचे फोटो ग्रुपवर टाकले तर?

टाकू नका. नाव, आयपीडी (दाखल पेशंटचा) नंबर, चेहरा, पत्ता यांतलं काहीही नाही. लागणारी माहिती वॉर्डमध्ये बसून वहीत उतरवा, नावाऐवजी कोड लिहा. कार्यक्रमाचे फोटो विचारून काढा आणि ओळखू येणार नाहीत असे पाठीमागून घ्या.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) मी न केलेला भाग विचारला तर?

विचारणारच. सॅम्पल का एवढं घेतलं, ही टेस्ट का लावली, पी व्हॅल्यूचा अर्थ काय, मर्यादा कोणत्या, हे प्रत्येकीला यायला हवं. व्हायवाच्या आठवडाभर आधी दोन तास बसा आणि प्रत्येकीने *दुसरीचा* भाग समजावून सांगा. जिथे अडखळायला होतं तिथे अहवालही कच्चा लिहिलेला असतो, तो तेव्हा दुरुस्त करता येतो. ‘तो भाग तिने केलाय’ हे उत्तर देऊ नका.

सगळ्यांना सारखेच मार्क का?

सगळीकडे तसं नसतं. बऱ्याच गाईड अहवालाला सामाईक आणि व्हायवा, फील्ड डायरी, हजेरी यांना वेगळे मार्क देतात. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर सुरुवातीलाच मागा, आणि सोबत कामाच्या नोंदीचा कागद जोडा: कुणी, कुठल्या तारखेला, किती घरं, कुठलं काम. दर आठवड्याला सही होत गेलेला असा कागद मॅडम बाजूला ठेवत नाहीत.

प्रोजेक्ट झाल्यावर भरलेले फॉर्म आणि संमतीपत्रं कुणाकडे?

मोजून, पाकिटात सील करून गाईडकडे द्या आणि पोच घ्या. रद्दीत किंवा हॉस्टेलच्या कपाटावर ठेवू नका, त्यात लोकांची नावं आणि आजार आहेत. मोबाईलमधल्या आणि ग्रुपवरच्या फायलीही सगळ्यांनी काढून टाका. मास्टर शीटची कोड असलेली एक प्रत गाईडकडे राहू द्या. आणि सर्व्हेत ज्यांचं बीपी किंवा साखर जास्त निघाली, त्यांची यादी त्यांना विचारून उपकेंद्राच्या सिस्टरना अहवालाच्या आधी, त्याच आठवड्यात द्या.